सव्वाचार चौरस फुटांची बचत

धोंड्याच्या महिन्यातला दुसरा रविवार, सकाळचे साडेनऊ. अंदाजे खर्च एकशे साठ रुपये. हजर माणसं दोन: मी आणि माझी बायको सुनंदा. (भिंतीपलीकडे कोण हजर आहे, हे मी मोजलं नव्हतं. तिथंच सगळा घोळ झाला!)

दुपारच्या जेवणाला जावई यायचे होते. लग्नानंतरचा त्यांचा पहिलाच धोंडा. अनारसे तयार, कपडे तयार, पण नवा गिझर अजून खोक्यातच होता.

"अहो, चिंचवडच्या जावयाला चुलीवरचं पाणी बादलीत द्यायचं का? इहिणबाई वर्षभर तेच उगाळतील!" सुनंदा म्हणाली.

मिस्त्री गेला होता निमगाव सावाला. मी म्हटलं, दोन अँकर बोल्ट तर ठोकायचे! भोक पाडायचं, बोल्ट घालायचा, आवळायचा. त्याची नळी भिंतीत फुगते आणि घट्ट धरते. पंचवीस लिटर पाणी, अकरा किलो गिझर, एकूण छत्तीस किलो. नऊ इंची भिंत, म्हणून भोक सहा इंच. गणितात मी कधी चुकत नाही.

ड्रिल छान आत गेलं. इतकं छान की शेवटी अजिबात जोर लागला नाही. त्याच क्षणी पलीकडे कुणीतरी शिंकलं. मग लागोपाठ शिंका! पाठोपाठ भोकातून आवाज आला. धाकट्या भावाची बायको, रंजना. ती माझ्याशी थेट बोलत नाही, मी मोठा दीर ना!

"ताई, दादांना इचारा... आक्छी!... अजून किती आत येनार हायेत? सौंपाकघरात त आलेच!"

ड्रिल तिच्या फळीवरच्या प्लास्टिकच्या बरणीत घुसलं होतं. बरणीत वर्षाचं लाल तिखट. ते सगळ्या घरात फिरवायचं काम माझ्या ड्रिलने चोख केलं होतं.

आता खरं सांगतो. घराच्या सगळ्या भिंती नऊ इंची, ही एकच चार इंची. वाटणीच्या वेळी मधली भिंत घालताना मीच हट्ट धरला होता: "नऊ इंची कशाला? दहा फूट लांबीत सव्वाचार चौरस फूट जास्तीची जागा भिंत खाईल!" माझ्या वाट्याला दोन चौरस फूट वाचले, म्हणून तेव्हा पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले होते.

दुसरं भोक जपून पाडलं, तीनच इंच. बोल्ट आवळला. नळी फुगली, आणि तिच्यासोबत वीटही फुगली! कट्ट! वीट उभी चिरली आणि बोल्ट आत गरगर फिरायला लागला.

"धरलं का त्यानं?" सुनंदाने विचारलं.

"धरलंय. फक्त फिरतंय."

तेवढ्यात धाकटा बाळू आला. डोळे लाल, नाक लाल. मला वाटलं, आता पुन्हा वाटणी!

"दादा, बोल्ट फुगवायची भिंतच न्हाई ही. ह्ये बी आरपार पाड. लांब बोल्ट घाल, माझ्या बाजूनं लोखंडी पट्टी लावून नट आवळतो. मग हत्ती टांग, हालायचा न्हाई!"

"तुझ्या स्वयंपाकघरात माझे नट?"

"व्हय. रंजी त्यावर झारा टांगंल."

साडेबाराला गिझर चढला. एकला जावई आले, वाफाळत्या पाण्याने आंघोळ करून बाहेर पडले आणि म्हणाले, "मामा, गिझर एकदम पक्का बसवलाय हां!" मी मान डोलावली. भिंतीपलीकडून खोकला आला.

पुढच्या आठवड्यात सामाईक विहिरीवर मोटारीची पाळी माझी होती. सकाळी बाळू दारात उभा, हातात पाना.

"दादा, आजची पाळी मला दे की. ऊस लई सुकलाय."

"पाळी माझी आहे."

"आसंल, आसंल." त्याने पाना या हातातून त्या हातात घेतला. "मी आपलं सांगाया आलो व्हतो, त्यो वरचा नट जरा ढिला वाटतोय, राव."

अखेरचा हिशेब: हार्डवेअरवाल्याला लांब बोल्ट आणि पट्टीचे सहाशे चाळीस रुपये, रंजनाला दोन किलो तिखट, बाळूला दर आठवड्याला मोटारीची एक पाळी. आणि ते वाचवलेले दोन चौरस फूट? त्यांच्यावरच उभा राहून मी रोज आंघोळ करतो, एक डोळा गिझरवर आणि एक कान भिंतीला लावून.