पल्लवीच्या कानाला पटेल अशी बाई

शाळेतले किस्से साचतात कसे, सांगू? घरी ऐकायला माणूस असलं, की ते त्याच संध्याकाळी संपतात. माझे साचले. मी माकणीजवळच्या एका वस्तीवरच्या शाळेत, आमचे हे नंदुरबारकडच्या शाळेत, मुलगा लातूरला होस्टेलवर. बदलीचा अर्ज दरवर्षी भरतो, दरवर्षी तिथंच! आज तुम्ही सगळ्या मैत्रिणी सापडलाच आहात, तर ऐका.

चौथीत माझ्याकडं पल्लवी होती. घरची शेरडं. पुस्तक समोर धरलं की पोरगी अक्षरांकडं नुसती बघत बसायची. पण कान असा, की वर्गात बसून सांगायची, "बाई, आमच्या पांढरीची घंटी वाजली. मक्यात शिरली बगा!" जाऊन बघावं तर शेळी खरंच मक्यात. कविता एकदा ऐकली की दुसऱ्या दिवशी तोंडपाठ. इंग्रजी स्पेलिंगला मात्र भोपळा.

म्हटलं, हिला कानानंच शिकवू. ऐकवून स्पेलिंग शिकवणारं काहीतरी शोधू. संध्याकाळी मला वेळच वेळ होता.

*

पहिलं ॲप परदेशातलं. त्यातली बाई भराभर बोलायची. पल्लवीनं कान लावून ऐकलं आणि पाण्याचं स्पेलिंग लिहिलं : डब्ल्यू-ओ-डी-ई-आर.

"अगं, चुकलं की!"

"माझं न्हाय चुकलं बाई. ती 'वॉडर' म्हणली, म्या 'वॉडर' लिवलं. तिलाच सांगा!"

मी परत ऐकलं. वॉडरच म्हणत होती!

*

दुसऱ्या ॲपमधली बाई शब्द म्हणायची; स्पेलिंग बरोबर आलं की टाळ्या, चुकलं की बेडूक ओरडायचा. पल्लवीची दहाच्या दहा चुकली. दुसऱ्या दिवशी परत दहा. मी काळजीत. आदल्या दिवशी तिनं 'कॅट' मला घडाघडा म्हणून दाखवलं होतं.

"पल्लवी, येतं ना तुला? मग चुकतीस कशाला?"

"बाई, टाळ्या तर समद्यांकडंच वाजत्यात," ती म्हणाली. "बेडूक लई भारी हाय!"

*

तिसरं आमच्या ह्यांनी सुचवलं. त्यांच्या शाळेत वापरत होते. म्हणाले, "फोनवरूनच ऐक, मग ठरव." त्यांनी तिकडं लावलं, मी इकडं वही घेऊन बसले. एक बाई सावकाश शब्द म्हणते. तुकडे पाडून परत म्हणते. मग थांबते. मुलानं अक्षरं तोंडानं म्हणायची, मग लिहायची. शेवटी त्या शब्दावर स्वतःच्या आवाजात काहीतरी बोलून रेकॉर्ड करायचं. चित्र एकही नाही.

चाळीस मिनिटं फोन चालला! त्या अख्ख्या वर्षात आमचा एवढा मोठा फोन झाला नव्हता. त्यात आमचं दोघांचं बोलणं एवढंच :

"ऐकू येतंय का?"

"येतंय."

*

पल्लवीनं ते डोळे मिटून ऐकलं. मी विचारलं, "कशीय ही बाई?"

"ही थांबती," ती म्हणाली. "आधीच्या दोघी माझ्यासाठी थांबतच न्हवत्या."

झालं, ठरलं. हळूहळू वर्गातल्या बाकीच्या मुलांनाही तेच लावलं.

*

हेडमास्तर बघायला आले. पल्लवी डोळे मिटून पुटपुटतीय, मोबाइलची स्क्रीन काळी.

"मॅडम, यात चित्रं कुठंयत?"

"सर, हे नुसतं ऐकायचंय."

त्यांनी खिशातून स्वतःचा मोबाइल काढला. मग म्हणाले, "ते ठीकय हो. पण ग्रुपवर टाकायला फोटो कशाचा काढू?"

शेवटी मुलीच्या कानाचा काढला!

*

माझी भाड्याची खोली पल्लवीच्या घराला लागूनच, मधे एकच भिंत. एकदा मी उद्याचे शब्द तपासायला ते ॲप लावलं आणि बंद करायचं राहून गेलं. खरं सांगते, राहून नव्हतं गेलं. बरं वाटत होतं. तासाभरानं पल्लवीची आई, सुनीता, दारात.

"बाई, पाव्हण्या आल्यात का वो? लई हळू बोलत्यात. आजारी हायत का?"

मी म्हटलं, "होय, जरा थकल्यात." घाईनं मोबाइल उशीखाली घातला.

*

सहामाहीला पल्लवीनं पुटपुटत वीसपैकी सोळा स्पेलिंगं बरोबर लिहिली. 'बिकॉज' सुद्धा! पुढच्या आठवड्यात 'प्लेट' शब्द होता. घरी येऊन मी मुलांची रेकॉर्डिंगं ऐकत होते. पल्लवीचा आवाज आला :

"पी-एल-ए-टी-ई. प्लेट म्हंजी ताट. आमच्याकडं घासताना मोरीत चार वाजत्यात. बाईंच्या घरात रोज एकच वाजतं."

मी ते पुन्हा लावलं. मग पुढच्या मुलाचं लावलं.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला मी मोरीत माझं ताट घासत होते. पल्लवी आली. हातात स्टीलचं ताट.

"बस गं. पिठलं आहे, वाढू?"

"न्हाय, म्या जेवून आले. घासायला आणलंय."

माझ्या शेजारी उकिडवी बसून तिनं ते घासलं, विसळलं. मग उचललं आणि मोरीच्या फरशीवर दाणकन आदळलं. त्यांच्या घराकडच्या भिंतीला कान लावून थोडा वेळ बसली, आणि परत एकदा आदळलं.