सुमनबाईंच्या हातची सीडी

हॉटेलात पाण्याचा ग्लास पुढे आला, तरी सुमनबाई तो आधी तिरका करून उजेडात बघायच्या. बारामतीच्या एमआयडीसीत सीड्या तयार करणाऱ्या एका कारखान्यात आम्ही दोघी तपासणीच्या टेबलावर शेजारी बसायचो. त्या कळस गावाहून एसटीने यायच्या. मी नवखी होते. पहिल्याच दिवशी त्यांनी मला सगळं फिरवून दाखवलं: काचेसारख्या प्लॅस्टिकच्या दाण्यांची पोती, ते वितळवून साच्यात दाबणारं यंत्र, चकतीवर चढणारा अ‍ॅल्युमिनियमचा पातळ मुलामा. म्हणाल्या, "एवढ्या हातांतनं येतंय. शेवटचा हात आपला. डाग दिसला की बाजूला. दया करायची न्हाय."

एकदा कळसच्या भजनी मंडळाच्या अभंगांची सीडी आमच्याकडे छापायला आली. मुख्य गायक सुमनबाईंचे यजमान. त्या दिवशी बाई जेवायलाही उठल्या नाहीत. एका चकतीच्या मुलाम्यात टाचणीच्या टोकाएवढं भोक निघालं. मी म्हटलं, "बाई, ही घरी न्या की. कोण बघतंय?"

त्यांनी ती भंगाराच्या पेटीत टाकली. "ह्यांचा आवाज हाय म्हणून डाग फिटतोय व्हय?" चांगली एक मात्र त्यांनी रीतसर विकत घेतली.

पुढे लोक मोबाइलवर गाणी ऐकू लागले आणि कारखाना बंद पडला. मी बारामतीतच कपड्यांच्या दुकानात लागले. सुमनबाई गावी भाजीपाला करू लागल्या. त्यांचे यजमान गेल्याचं उशिरा कळलं, तेव्हा भेटायला गेले. सीडी कपाटात, साडीच्या घडीत होती. प्लेअर कधीचा बिघडलेला.

"घरातच हायती, पण बोलत न्हाईत," त्या म्हणाल्या.

मी महिनाभर बारामतीतली दुकानं पालथी घातली. शेवटी एका दुरुस्तीवाल्याकडे जुना प्लेअर मिळाला. तो घेऊन दुपारीच कळस गाठलं. बाई पदर सावरून समोर बसल्या. दोन अभंग झाले. तिसरा सुरू व्हायच्या आधी यजमान हलकेच खोकले.

"ऐकलास? रेकॉर्डिंगवाला म्हणत होता, खोकला काढून टाकतो. मीच म्हणलं, ऱ्हाऊ दे." मग प्लेअरकडे बोट करून म्हणाल्या, "मागं घे. तेवढंच."

एसटीची वेळ होईपर्यंत मी तेवढंच मागे घेत राहिले.

यंदा सुमनबाईही गेल्या. प्लेअर लावला त्या दुपारी माझ्या हातात मोबाइल होता. त्यांचं बोलणं त्यात भरून घ्यावं, एवढं मला सुचलं नाही.