एकाच भांड्यात तीन विषं

माझ्या सख्ख्या मुलीनं मला फसवलं, आणि तेही माझ्याच ओसरीत बसून.

प्राजक्ता पुण्यात नोकरी करते. दिवाळीनंतर ती पहिल्यांदाच सणसरला आली, तीही एका रविवारपुरती, दोन मैत्रिणींना घेऊन. मला वाटलं, बाप आठवला. तर यांना फाशांचा खेळ खेळायला शांत घर हवं होतं. (माझं घर शांतच असतं. बायको गेल्यापासून फ्रीज तेवढा बोलतो.)

"आप्पा, तुम्हीपण बसा. प्रत्येकानं एक माणूस व्हायचं. गोष्ट मी सांगणार, नशीब फासा ठरवणार."

"माझा माणूस मेला तर?"

"तर तुम्ही उठायचं."

मी ठरवलं, मरायचं नाही. संध्याकाळच्या गाडीपर्यंत लेकीसमोर बसायला मिळत होतं. असला सौदा मी सोडत नसतो.

आम्हाला एका दुष्ट राजाला मारायचं होतं आणि माझा माणूस होता विष बनवणारा. कीटकनाशकांचं दुकान शून्यातून उभं केलेल्या माणसाला ही पोर विष शिकवणार!

"नियम ऐका. आधी जडीबुटी मिळवायची. मग तीन विषं बनवायची, पण एका भांड्यात एकच विष. मग फासा."

जडीबुटीवाली म्हातारीही प्राजक्ताच झाली. मी तिला सोडलं नाही.

"मावशे, माल वाळलाय. वर सापाचा दात फुकट टाक, न्हायतर समोरच्या दुकानात जातो."

"आप्पा, जंगलात समोर दुकान नाही."

"मंग गिऱ्हाईक तरी दुसरं कुठं हाय तुला?"

दात मिळाला. मैत्रिणी हसून लोळल्या. प्राजक्ताही हसली, अगदी तिच्या आईसारखी, तोंडावर ओढणी धरून. तिथंच माझी अक्कल गेली. म्हटलं, अजून हसवू.

"तिन्ही विषं एकाच भांड्यात घालतो."

"धोका वाढेल."

"आमच्याकडं कीड, बुरशी आन टॉनिक एकाच पंपात मारत्यात. तीनतीनदा कोण फवारतंय?"

(असं करू नका, हे मीच गिऱ्हाइकांना दिवसभर ओरडून सांगतो.)

प्राजक्तानं शांतपणे विचारलं, "हातमोजे घातले? नाकाला फडकं?"

"आजवर कधी घातलं न्हाय."

"टाका फासा."

एक पडला, म्हणजे सगळ्यात वाईट. वाफ नाकात गेली आणि माझा माणूस भांड्यावरच आडवा झाला.

मी पेटलो. "फडक्याचं आधी का न्हाय सांगितलं? माल देताना म्हातारीनं सांगाया नको? परत टाकतो."

"नियम म्हणजे नियम, आप्पा."

"घर माझं हाय."

"म्हणूनच चहा तुम्ही टाका."

मी स्वयंपाकघरात दूध तापवत होतो, तेव्हा ओसरीत टाळ्या वाजल्या. राजा मेला होता. माझ्याच विषानं. मेलेल्याला कळवायला कोणी आत आलं नाही.

संध्याकाळी भिगवण स्टेशनवर सोडायला गेलो.

"पुढच्या वेळी तुम्हाला नवा माणूस देते," प्राजक्ता म्हणाली.

"कधी?"

"बघू ना, आप्पा."

गाडी गेली. औषध कंपनीचा माणूस कटवायचा असला की मीही 'बघू' म्हणतो. त्यामुळे त्या शब्दाचा अर्थ मला कोणी सांगायला नको.

म्हणून प्राजक्ते, चारचौघांत जाब विचारतोय. मारलंस ते मारलंस, पण परत जिवंत कधी करणार? नक्की वार सांग. मी इथंच आहे. मेलेल्या माणसाला वाट बघण्यापलीकडं दुसरं काम नसतं.