मालूताई दृष्ट काढते

भाडेकरणीनं घरमालकिणीबद्दल चांगलंच बोलावं असा काही कायदा नाही. तेव्हा मी बोलते ते खरं समजा. मालूताई हट्टी आहे, भांडखोर आहे, टाकीच्या पाण्यावरून तिनं एकदा माझ्याशी महिनाभर अबोला धरला होता. आणि तिच्याइतका जीव लावणारं दुसरं माणूस मी उलव्यात पाहिलेलं नाही.

माहेर तिचं मोरा बंदराजवळ, मिठागरावरचं. लहानपण खाऱ्या पाण्यात पाय घालून गेलं. लग्न होऊन उलव्याच्या शेतकरी घरात आली, पुढे शेतं गेली, इमारती आल्या, त्यातली चार मजल्यांची एक तिची. नवरा ती पाहायला राहिला नाही. मुलगा प्रितम आधी दुसऱ्याचा डंपर चालवायचा, आता त्याचे स्वतःचे आहेत. सून अंकिता बेलापूरला नोकरी करते. आणि या सगळ्यांच्या मधोमध देवेश, सहा वर्षांचा नातू.

देवेश बोलत नाही. हाक मारली तर बघेलच असं नाही. पंख्याकडे बघत हात फडफडवत बसला की बसला. डॉक्टरांनी ऑटिझम हे नाव सांगितलं तेव्हा अंकिता रडली, प्रितम उठून बाहेर गेला, आणि मालूताई म्हणाली, "नजर लागलीय पोराला, दुसरा काय नाय."

तेवढं चालून गेलं असतं. पण गेल्या वर्षी देवेश डोकं आपटायला लागला. संध्याकाळी देवापाशी दिवा लागला की पॅसेजच्या भिंतीपाशी जायचा आणि धाडधाड कपाळ आपटायचा. मला खालच्या मजल्यावर ऐकू यायचं आणि हातातलं काम तसंच राहायचं. एकदा भुवई फुटली, टाके पडले. डॉक्टर म्हणाले, जरा खाली लागलं असतं तर डोळा गेला असता. प्रितमनं धसका घेतला. कुठेतरी घाटावर अशा मुलांची निवासी शाळा आहे म्हणे, तिथे त्यानं जागा राखून ठेवायला सांगितलं. दिवाळीनंतर पोराला तिकडे ठेवायचं, तिथे रात्रंदिवस माणसं असतात, हे त्याचं म्हणणं.

त्या दिवशी मालूताई माझ्या ओट्याशी येऊन खाली फरशीवर बसली. "वसू, पोर बोलत नाय गो. तिथं त्याला कोनी मारला तर तो कोनाला सांगंल?" मी गॅस बंद केला आणि तिच्याशेजारी खाली बसले.

अंकितानं नवऱ्याकडून दिवाळीपर्यंतची मुदत मागून घेतली आणि नवीन पनवेलला थेरपी सुरू केली. तिचं ऑफिस, म्हणून देवेशला न्यायचं काम मालूताईकडे. मालूताई रिक्षावाल्यांशी भांडते, म्हणून सोबतीला मी.

तिथल्या इरा मॅडम म्हणजे अगदी पोरगेलीशी बाई, कानात मोठाले झुमके. जमिनीवर बसून देवेशसमोर साबणाचे फुगे उडवायची आणि मध्येच थांबायची. देवेशला अजून फुगे हवे असले तर त्यानं फुग्याचं चित्र असलेलं कार्ड उचलून तिच्या हातात द्यायचं. दिलं की लगेच फुगे, वर शाबासकी. आधी दुसऱ्या एका बाईनं मागून त्याचा हात धरून ते करवून घेतलं. चार-पाच खेपांनी तो आपला आपण द्यायला लागला.

मालूताई परत येताना रिक्षात फणफणत होती. "कुत्र्याला बिस्कुट दाखवून शिकवतान तसा ह्या! ही काय थेरपी?"

"अगं बाई," मी म्हटलं, "तुझा प्रितम लहानपणी शाळेत जावा म्हणून तू काय करत होतीस? गुळपोळी देत होतीस ना?"

"तो वेगला."

"काय वेगला? कपाळ माझं!"

ती माझ्याकडे पाठ करून बाहेर बघत बसली. सिग्नल सुटेपर्यंत आमचं भांडण होतं, नंतर तिनं पर्समधून मला शेंगदाण्याची चिक्की काढून दिली.

इरा मॅडमना एका गोष्टीचा उलगडा होईना. देवेश तिथे कधी म्हणून डोकं आपटत नव्हता. चिडायचा, ओरडायचा, पण आपटणं नाही. त्या विचारायच्या, घरी नेमकं केव्हा आपटतो? त्याच्या आधी काय झालेलं असतं? आणि आपटल्यावर लगेच काय होतं? अंकिता म्हणायची, काही नाही, आम्ही त्याला जवळ घेतो, मग शांत होतो. मालूताई म्हणायची, काय नाय. मीही मान डोलवायची. शेवटी त्या म्हणाल्या, मी एकदा संध्याकाळी घरीच येऊन बघते.

आल्या. चहा झाला. मालूताईनं दिवा लावला. देवेश उठला, पॅसेजकडे गेला, आणि सुरू. अंकिता धावली, मी धावले. मालूताई मात्र स्वयंपाकघरात धावली, तिथून गॅलरीत. तिथे शेगडीत निखारे तयारच असायचे. मुठीत भावानं मोऱ्याहून पाठवलेलं खडे मीठ, मोहरी, सुक्या मिरच्या. अंकितानं देवेशला गॅलरीच्या दारात आणून बसवलं. मालूताईनं त्याच्यावरून मूठ ओवाळली, "आल्यागेल्याची, भुताखेताची, शेजारनी-पाजारनीची..." शेजारणीची म्हणताना ती नेहमी माझ्याकडे बघते, ते सोडा. मूठ निखाऱ्यांवर सोडली. मीठ असं तडतडलं की विचारू नका.

अंकिता लाजेनं लाल झाली होती. शिकल्यासवरल्या मॅडमना हे कसं सांगायचं, म्हणून तर तिनं आजवर सांगितलं नव्हतं. आणि मालूताईला ही सांगण्यासारखी गोष्टच वाटली नव्हती. पोर रडलं, दृष्ट काढली, त्यात काय सांगायचं?

पण इरा मॅडम दृष्ट काढण्याकडे बघतच नव्हत्या. त्या देवेशकडे बघत होत्या. तो गुडघ्यांवर हनुवटी टेकून बसला होता. डोळे निखाऱ्यांवर. मीठ तडतडलं की हात फडफडवायचा आणि खुदकन हसायचा. कपाळावर टेंगूळ, आणि चेहऱ्यावर नुसता आनंद. हे आम्ही रोज बघत होतो. बघत होतो आणि दृष्ट उतरली म्हणून हात जोडत होतो.

"आजी," इरा मॅडम हळूच म्हणाल्या, "त्यानं डोकं आपटलेलं नसताना कधी दृष्ट काढली आहे का तुम्ही?"

"बरा असताना उगाच कशाला काढू?"

बोलली आणि तिच्याच लक्षात आलं. माझ्याही. मालूताई तिथेच उंबऱ्यावर मटकन बसली. "म्हंजे... मीच शिकवला काय गो त्याला?"

"नाही आजी, तसं नाही." इरा मॅडम तिच्याशेजारी जमिनीवर बसल्या. "त्याला हा आवाज आवडतो, तुम्ही जवळ असता ते आवडतं. मागायचं कसं, ते त्याला माहीत नाही. आपटलं की मिळतं, एवढंच त्याला ठाऊक झालंय. आपण त्याला मागायला शिकवू."

"मग दृष्ट बंद करू?"

"छे, छे! रोज काढा. आपटायच्या आधी काढा. फक्त मिरच्या नकोत, धुरानं त्याला खोकला येतो. आणि त्याला शेगडीपासून लांब बसवा."

त्यांनी मोबाइलवर शेगडीचा फोटो काढला, दुसऱ्या दिवशी त्याचं कार्ड करून पाठवलं. दिवा लावायच्या आधीच ते देवेशच्या हातात द्यायचं, हात धरून आजीला द्यायला लावायचं, की लगेच मीठ. आणि आपटलंच, तर मध्ये उशी धरायची, त्याला लागू द्यायचं नाही, पण बोलायचं नाही आणि मीठही नाही. सुरुवातीला जास्त आपटेल, घाबरू नका, असंही त्यांनी सांगून ठेवलं.

जास्त म्हणजे किती, ते आम्हाला कुठे माहीत! तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्याला कार्डबिर्ड काही नको होतं. मालूताई भिंतीशी उशी धरून बसली आणि तो त्या उशीवर डोकं हाणत राहिला. तिची बोटं सुजली. प्रितम ओरडला, "आई, दे ना ते मीठ, मरू दे ती थेरपी!" मालूताईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, पण ती हलली नाही. माझ्यानं बघवेना. शेवटी तो दमून थांबला, श्वास जरा सावरला, तेव्हा अंकितानं कार्ड त्याच्या हातात दिलं, हात धरून पुढे करवलं, आणि मालूताई बसून बसून अवघडलेल्या पायांनी लंगडत गॅलरीकडे पळाली.

त्यानंतर हळूहळू उतार पडला. कार्ड आधी यायला लागलं, आपटणं मागे राहायला लागलं, मग काही संध्याकाळी नाहीच. देवेश बोलायला लागला असं मी सांगणार नाही, कारण तो बोलत नाही. पंख्याकडे अजून बघतो. तो तसाच आहे, आमचाच आहे. पण कपाळावरचं टेंगूळ बसलं आणि आमच्या बिल्डिंगमध्ये संध्याकाळी चहा गोड लागायला लागला. एवढं हलकं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

प्रितमचा मात्र विश्वास बसत नव्हता. चार दिवस बरे गेले म्हणून काय झालं, हेच त्याचं पालुपद. शाळेची जागा त्यानं सोडली नव्हती.

दिवाळी आठवड्यावर आली. मी चकल्यांचा सोऱ्या मागायला वर गेले होते. देवेशनं कार्ड आणून आजीच्या हातात दिलं. मालूताई गॅलरीत गेली आणि रिकामी गोणी झटकत परत आली. "आज नाय रे बाला. कोलसा सपला."

देवेशनं रिकाम्या गोणीकडे बघितलं. मग वळला आणि पॅसेजकडे निघाला. प्रितम ताडकन उठला. अंकितानं उशी उचलली. देवेश भिंतीसमोर जाऊन उभा राहिला.

तो तसाच उभा होता. तोंडानं रडवेला आवाज काढत होता, हात फडफडवत होता. मग परत वळला, आजीपाशी आला, तिच्या मुठीतून कार्ड ओढून काढलं आणि पुन्हा तिच्या हातावर ठेवलं. तिनं नुसतं बघितलं, तर त्यानं अजून एकदा ठेवलं, जरा जोरात, दाबून.

"मागतोय," प्रितम म्हणाला. "आई, तो मागतोय गं!" आणि चपला न घालताच तो कोळसा आणायला जिन्याकडे धावला.

मालूताईनं नातवाला उराशी घट्ट धरलं होतं. रडत होती, हसत होती, सगळं एकदमच. तशीच ती जिन्यात मान घालून ओरडली, "ए प्रितम! आदी त्या शालेला फोन कर! त्यांना सांग, आमचा पोर येनार नाय. कोलसा मंग आन!"

एकच मजला उतरून प्रितम थांबला आणि खिशातून फोन काढला.