सासूबाईंचा चुंबक आणि वडिलांची पातेली

आमच्या फ्रिजच्या दाराला एक काळा, जाडजूड, गोल चुंबक चिकटलेला असायचा. जुन्या स्पीकरमधून काढलेला. त्याला कुणी हात लावलेला सासूबाईंना खपत नसे. भांडी घ्यायला निघाल्या की तो त्यांच्या पिशवीत जायचा आणि चामराजपेटेच्या बाजारातल्या भांडीवाल्यांच्या कपाळाला आठ्या पडायच्या. भांड्याला चुंबक चिकटला की भांडं परत. "अण्णा, हे नको, स्वल्प बरं दाखवा," एवढंच आपल्या कानडीमिश्रित मराठीत म्हणायच्या. न चिकटणारं ते अस्सल स्टील, हा त्यांचा कायदा होता आणि त्यावर अपील नव्हतं.

लग्न होऊन मी निपाणीहून या घरात आले, तेव्हा माझी भांडीही त्या कायद्यात सापडली. वडिलांनी रुखवतात एकात एक बसणारी पाच पातेली दिली होती. बाजारभर फिरून, बोटाने वाजवून, हातात तोलून त्यांनी स्वतः निवडलेली, काठावर माझं नाव घातलेली. सासूबाईंनी चुंबक लावला, तो टक्कन चिकटला. वाईट असं त्या काही बोलल्या नाहीत. "सरी, बरं, ठेवून देऊया," म्हणाल्या आणि पातेली माळ्यावर गेली. मला भयंकर राग आला. पण नव्या नवरीने भांडायचं कुणाशी? मी तो राग फोडणीवर काढला. वडील मात्र दर फोनच्या शेवटी विचारायचे, पातेली कशी आहेत? मी सांगायची, रोज वापरतो.

गंमत म्हणजे माझं पोट चुंबकावरच चालतं. बोम्मसंद्र्याच्या ज्या कारखान्यात मी तपासणीचं काम करते, तिथे फेराइटच्या काळ्या पट्ट्या बनतात. लोखंड, मँगनीज आणि जस्त यांच्या ऑक्साइडची भुकटी साच्यात दाबायची आणि भट्टीत भाजायची. त्यातलं मँगनीज मोठं लहरी. एकटं असलं की चुंबकाकडे ढुंकूनही बघत नाही. आमच्या पट्टीत मात्र लोखंडाच्या जोडीने चुंबकाचा जोर हवा तिकडे वळवतं. आणि स्टीलमध्ये भरपूर घातलं, तर लोखंडालाच चुंबकाची ओळख विसरायला लावतं. महागाचं निकेल वाचवायला कितीतरी भांड्यांत तेच घालतात, म्हणजे चुंबक चिकटला नाही एवढ्यावरून भांडं अस्सल ठरत नाही. सासूबाईंच्या लोणच्याच्या अस्सल डब्याला तांबूस ठिपके पडले होते. त्यांनाही ते दिसत होते, पण खापर त्या नळाच्या पाण्यावर फोडायच्या.

यंदा दसऱ्याच्या आयुधपूजेला कारखान्याने मिठाईऐवजी इंडक्शनची शेगडी दिली. दिवाळीला वडील लग्नानंतर पहिल्यांदाच आमच्याकडे येणार होते आणि मला तेव्हा एकच घोर लागला होता. स्वयंपाकघरात पाऊल टाकल्याबरोबर त्यांची नजर पातेली शोधणार. माळ्यावरची पातेली त्यांना काय म्हणून दाखवायची?

सासूबाईंनी हौसेने शेगडीला हळदकुंकू लावलं आणि आपलं लाडकं पातेलं तिच्यावर ठेवून दूध ओतलं. शेगडी दोनदा किंचाळून गप्प झाली. दुसरं पातेलं ठेवलं, तरी तेच. मग कढई, मग डबासुद्धा. तुझ्या कारखान्याने बिघडलेला माल गळ्यात मारला, असं मला ऐकवून झालं. तेव्हा मी फ्रिजवरचा चुंबक काढला आणि समजावून सांगितलं की ही शेगडी चुंबकाच्या जोरावर चालते, काचेखाली आमच्या कारखान्यातल्यासारख्याच पट्ट्या बसवलेल्या असतात, आणि ज्या भांड्याला चुंबक चिकटेल तेच तिच्यावर तापेल. सांगताना मला मजा येत होती, खोटं कशाला बोलू? सासूबाई मात्र माझ्याकडे नाही, माळ्याकडे बघत होत्या. दुसऱ्या दिवशी मी कामावरून आले तर पाचही पातेली घासूनपुसून मांडणीवर होती.

मला वाटलं, सुटले. वडील आले त्या दिवशी चहासुद्धा त्यांच्याच पातेल्यात उकळत होता. ते ओट्याशी आले, मांडणीवरचं एक पातेलं उचललं, चष्मा लावून माझं नाव वाचलं. मग आतून हात फिरवला. ना ओरखडा, ना डाग.

"हे रोजच्या वापरातलं म्हणायचं?" त्यांनी मला विचारलं.

सासूबाईंनी हातातली गाळणी खाली ठेवली.

"तिला बोलू नका, अण्णा. तुमचं मन राखायला ती सांगत होती. माळ्यावर मी टाकली होती. चुंबक लावला आणि तुमची वस्तू हलकी ठरवली. चुकलं माझं."

मला रडू आवरेना. इतक्या वर्षांत त्या बाईंनी कुणापुढे चूक कबूल केलेली मी पाहिली नव्हती, आणि केली ती माझ्या वडिलांपुढे, माझी बाजू घेऊन. वडिलांनी पातेलं जपून जागेवर ठेवलं.

"विहीणबाई, मी बी दुकानात चुंबक घेऊन गेलो असतो, तर मी बी हीच बाजूला सारली असती."

चहा तोवर उतू गेला होता.

चुंबक अजून पिशवीतून बाजारात जातो. आता न चिकटणारं भांडं परत जातं, पण तोरा तोच आहे. वडील मात्र पातेल्यांचं विचारत नाहीत. त्यांचा फोन माझ्या मोबाइलवर वाजतो, तो सासूबाई माझ्याआधी उचलतात आणि आज कुठल्या पातेल्यात काय शिजलं ते सांगूनच माझ्या हातात देतात.