डोळ्याला फडकं बांधून

माझ्या धाकट्या जावेची नजर गेली, आणि तेव्हापासून घरात मला कोणी विचारत नाही. हे बोलायला वाईट दिसतं, पण खरं आहे.

मी चौथी शिकले. ब्लाइंड या इंग्रजी शब्दाचा अर्थ मला हिंगोलीला जावेचा आंधळेपणाचा दाखला काढताना कळला. त्याआधी तो कानावर होता. कनेरगाव नाक्याच्या रस्त्याला एका वळणाला जीपवाला ब्लाइंड म्हणायचा. पोळ्याला माणसं पत्ते खेळायची, तेव्हा पानं न बघता डाव लावला की तोही ब्लाइंड. आमच्या नातीनं सांगितलं, खिडकीच्या पट्ट्यांच्या पडद्यालाही तेच म्हणतात. पण सांगितलं ते जावेला, मी बाजूला भाजी चिरत होते. शाळेतून आली की ती जावेजवळ बसते आणि धडा वाचून दाखवते. तिला मुळाक्षरं मी शिकवली होती.

यंदा हळद वाळल्यावर आम्ही अंगणात निवडायला बसलो. लांबट हळकुंडं एकीकडे, गोल गड्डे एकीकडे. जाऊ नुसत्या बोटांनी भराभर निवडते. नातीनं डोळ्याला फडकं बांधून तसं करून पाहिलं. दोघी हसत होत्या.

"मलाबी बांध," मी म्हणाले.

फडक्याखालून मला ढीग दिसत होता. मी झपाट्यानं निवडत सुटले.

"मोठी आजी तर लई पटाईत हाय," असं म्हणत नात माझ्याजवळ सरकली.

जावेचा हात थांबला. "बाई, तुमी बघून राहिल्या."

"तुला काय दिसतं गं?"

"दिसत न्हाई, ऐकू येतं. चाचपलं की ढिगात खडखड होते. तुमच्या हाताची होऊन नाही राहिली."

नातीनं वाकून फडक्याखाली पाहिलं. "व्हय की," म्हणाली आणि परत जावेकडे गेली.

मी फडकं सोडलं नाही. नाकावर ओढून घट्ट बांधलं. आता खरंच काही दिसेना. हाताला आलं ते टाकलं.

"त्यो गड्डा पडल्याचा आवाज हाय, बाई. हळकुंडात टाकला तुमी." माझा हात धरायला जावेचा हात चाचपत माझ्या मनगटाला लागला. मी झटकला.

"तू नको," मी म्हणाले. "पोरीला सांगू दे."

मग नातीचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागला. ढीग संपेपर्यंत मी फडकं काढलं नाही.