घड्याळाशेजारची भिंत

अमेरिकेतल्या टोलीडो शहरात डार्लीनच्या लाँड्रीत सरकारी बाई आली. "कामगार कायद्याचं पोस्टर कुठाय?"

आता दंड बसणार, डार्लीनला वाटलं. पोस्टर होतं. तिच्या शहाण्या नवऱ्याने त्याला काचेची फ्रेम करून ते तिच्याच केबिनमध्ये टांगलं होतं, आणि केबिनला कायम कुलूप.

"हे तुमच्यासाठी नसतं, कामगारांसाठी असतं. हजेरीच्या घड्याळाशेजारी लावा," एवढं बजावून बाई गेली. डार्लीनने फ्रेम तिथे टांगली आणि मग कुठे तिच्या जिवात जीव आला.

संध्याकाळी घरी निघालेली इस्त्रीवाली लूपे तिथे थबकली. ओळींवरून फिरणारं तिचं बोट जादा कामाच्या दीडपट मजुरीपाशी थांबलं.

"डार्लीन, हे आपल्याकडेपण लागू आहे का गं?"

डार्लीनने मनातल्या मनात साध्याच दराने दिलेले लूपेचे वर्षभरातले जादा तास मोजले. त्यापेक्षा सरकारी बाईचा दंड परवडला असता.